थांबा सोडून थांबायचं नाही

कोल्हापुरात रस्त्यांचा विचार करणारे पुष्कळ झाले, पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाचा विचार करणारा एकच झाला आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता, हे मी कुठल्याही सभेत उभी राहून सांगायला तयार आहे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आत्या चिडली की 'रस्त्यावरचा माणूस' म्हणायची. नगररचनेच्या कचेरीत ते ओव्हरसियर होते. शहर चहूकडून वाढत होतं, उद्यमनगरच्या कारखान्यांत रोज नवी भट्टी पेटत होती, आणि एवढी माणसं सकाळी जाणार कशी नि संध्याकाळी परतणार कशी, हा प्रश्न इतरांच्या टेबलावर असला तर मामांच्या अंथरुणात असायचा. इतर साहेब संध्याकाळी त्याला कुलूप लावून घरी जायचे. मामा त्याला कुशीत घेऊन झोपायचे.

त्यांची एक खोड फार वाईट होती. अनोळखी माणसाच्या मागं मागं ते चालत जायचे. तो कुठं वळतो आणि का वळतो, हे बघायला. एकदा मंगळवार पेठेत डोक्यावर पाटी घेतलेल्या एका बाईच्या मागं लागले. बाई सरळ रस्ता सोडून बोळात शिरल्या, मामाही शिरले. बाई गर्रकन वळल्या. "काय वो पावणं, काय पायजे तुमास्नी?"

"काय न्हाय, सरळ रस्ता सोडून हिकडनं का आलासा, तेवढं सांगा."

"सावली हाय की हितनं! आनि आता तुम्ही सरळ जावा, न्हाईतर पाटी घालीन टाळक्यात."

मामा अगदी आनंदात घरी आले. "माणूस सावली बघून चालतंय आणि आम्ही पट्टी लावून रस्ता आखतोय," असं आत्याला चारदा ऐकवलं. आत्या म्हणाली, "बायकांच्या मागं फिरून हेच शिकून आलासा व्हय?"

पण मामा चुकायचेसुद्धा, आणि चुकले की भव्य चुकायचे. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात पंगतीला गर्दी होते म्हणून त्यांनी मांडवात एकेरी वाहतूक सुरू केली. पुढच्या दारानं आत यायचं, जेवायचं, मागच्या दारानं बाहेर. हाताला धरून एकेकाला वाट दाखवली. पंगती अशा सरसर उठल्या की आचारी घाबरला. फक्त, चपला पुढच्या दाराशी राहिल्या. वैशाखाच्या उन्हात तांबडा-पांढरा रस्सा ओरपलेले वऱ्हाडी अख्ख्या बोळाला वळसा घालून, तापल्या फरशीवर उड्या मारत चपलांकडं निघाले. नवऱ्या मुलाचे चुलते, चांगले वजनदार पाटील, पाय वर करून ओरडत होते, "कुणाची रं ही डोकॅलिटी?" मामा खांबाआड उभे राहून पुटपुटले, "चपलांचा इचार ऱ्हायला." त्या दिवसापासून कुठलाही नकाशा पुढं आला की ते पहिल्यांदा विचारायचे, "ह्यात चपला कुठं हायत्या?" कचेरीतल्या नव्या माणसांना ते वेडे वाटायचे.

मग आमच्यावरच वेळ आली. शिवाजी पेठेतनं उद्यमनगरला बस हवी, आणि बससाठी रस्ता रुंद हवा, असं कचेरीत ठरत आलं. मोठ्या साहेबांनी नकाशावर लाल रेघ मारली. ती रेघ आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांच्या पुढच्या खोल्यांवरनं गेली. आमची पुढची खोली म्हणजे वडिलांचं सायकलीचं दुकान. त्याच्या माळ्यावर, पंक्चरच्या सोल्युशनच्या वासात बसून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ती पायरी त्या माळ्याच्या शिडीपासून सुरू होत होती. ते दुकान पडणार होतं.

मामांनी दुसरा बेत मांडला. घरं पाडायची नाहीत. छोटी बस एका गल्लीनं आत आणायची, दुसरीनं बाहेर काढायची. वडील म्हणाले, "दाजी, दुकान वाचवतासा ते खरं, पण माणसं बसमधनं जायला लागली की माझ्याकडं पंक्चर काढायला कोण, म्हशी येणार?"

"थांब्यापतोर सायकलनंच येतील की माणसं! थांब्याशेजारी तुमचा स्टँड." आणि बोलता बोलता मामा थांबले. "चपला!" ओरडले. सकाळी या गल्लीत सायकल लावणार आणि संध्याकाळी बस त्या गल्लीत उतरवणार! तीन दिवस ते जेवले नाहीत, असं आत्या सांगते. मी त्यांना भाकरी खाताना पाहिलं आहे, पण लक्ष नव्हतं हे खरं. शेवटी दोन्ही थांबे त्यांनी तालमीच्या कट्ट्याला आणून बांधले, कारण कट्ट्याच्या दोन्ही अंगांना दोन गल्ल्या होत्या.

मोठे साहेब म्हणाले, "कारखान्यांच्या सकाळच्या भोंग्याआधी तुमची बस उद्यमनगरला पोचली तर रेघ पुसतो. नाहीतर कुदळ."

बस निघाली. आणि पेठेनं काय करावं? पेठेत पहिल्यांदा बस येतेय, तीही आपल्या मामांची! तालमीच्या पोरांनी हलगी लावली. रेडिएटरला हार, टपावर गुलाल. दारादारातनं बाया ओवाळायला पुढं. प्रत्येक चौकात नारळ. ड्रायव्हरला फेटा बांधून चहा पाजला. मामा आतून ओरडत होते, "अरं सोडा की! भोंगा व्हईल!" तर पोरांना वाटलं मामा घोषणा देताहेत, त्यांनी तीच घोषणा उचलली. "भोंगा व्हईल! भोंगा व्हईल!" करत मिरवणूक निघाली.

भोंगा झालाच. बस आणि मागोमाग आम्ही पोचलो तेव्हा मोठे साहेब जीपला टेकून उभे होते. गुलालानं माखलेले मामा खाली उतरले आणि पहिल्यांदाच मी त्यांची मान खाली गेलेली पाहिली. साहेबांनी रेडिएटरवरचा हार नि टपावरचा गुलाल बघितला. मग म्हणाले, "उद्या परत. शेवटचं."

संध्याकाळी मामा कट्ट्यावर उभे राहिले. अख्खी तालीम समोर. वस्ताद म्हणाले, "मामा, आज कमी पडलं असंल तर उद्या लेझीमबी आणतो."

मामांनी हात जोडले. "वस्ताद, एक दिवस माझ्यावर पिरेम करू नका. पाया पडतो."

दुसऱ्या दिवशी जे पाहिलं ते पुन्हा कधी पाहायला मिळालं नाही. कोल्हापूर गप्प होतं. दोन्ही अंगांना माणसं भिंतीला पाठ लावून उभी. हलगीवाल्यानं हात मागं बांधलेले. बायांनी ताटं आणली होती, पण पदराखाली. ऐन वेळी गवळ्याची एक म्हैस गल्लीत आडवी झाली, तर दोन पैलवानांनी तिला ढकलत ढकलत आमच्या दुकानात घातलं. वडिलांनी पंप उचलून तिला जागा करून दिली. ट्यूबांच्या ढिगात उभी राहून म्हैस रवंथ करत होती आणि तिच्या शेपटीपासून हातभर अंतरावरून मामांची बस सरकत गेली. कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. मग लांब उद्यमनगरात भोंगा वाजला, आणि बस तिथं आधीच पोचली आहे असा निरोप सायकलवरून आला, तेव्हा पेठेनं असा आवाज केला की म्हैस स्वतःहून दुकानाबाहेर पडली.

दुकान राहिलं. माळा राहिला. त्याच माळ्यावर बसून मी हे लिहिते आहे.

बस रोज धावू लागल्यावर मामा स्वतः तीत कधी बसले नाहीत. "मी बसलो तर एकजण हुबा ऱ्हाईल," म्हणायचे. निवृत्त झाले, गुडघे गेले, तरी चालतच राहिले. मागच्या पावसाळ्यात मी त्यांना दवाखान्यात नेत होते. अर्ध्या गल्लीत त्यांना धाप लागली आणि ते भिंतीला टेकले. तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं ओळखलं, बस थांबवली, खाली उतरून दार धरलं. "मामा, या की. बसा."

मामांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो बिचारा फेटा नसताना फेटा सावरायला लागला. "हितं थांबा हाय?"

"न्हाय, पर तुमच्यासाठनं..."

"आतल्या माणसांनी काय पाप केलंय? चल, काढ."

बस गेली. आम्ही दोघं हळूहळू कट्ट्याकडं निघालो. माझ्या लहानपणापासून मामा माझ्यापुढं दोन पावलं चालत आले होते. त्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं होतं. थांब्यावर पोचल्यावर कट्ट्यावर टेकले आणि गल्लीच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "आता पुढची यील. तीत बसू."