प्रज्ञाच्या आईची वाक्यं

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. फार मोठं काही आहे म्हणून नव्हे — उलट इतकं हलकं, इतकं भिकार आहे, की त्याला गुन्हा म्हटलं तरी माझीच इज्जत वाढेल.

नांदेडात स्टेशनजवळ एका मोबाईलच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. ऑफिस कसलं — चार खुर्च्या आणि एक कूलर. पुण्याच्या एका कंपनीसाठी आम्ही व्हिडिओ गेमचे मॅप करायचो. मॅप म्हणजे खेळणारा ज्यात फिरतो ते गाव: रस्ते, घरं, माणसं, आणि माणसांच्या तोंडची वाक्यं. ती वाक्यं मॅपच्या फाईलमध्येच लिहिलेली असतात. मी लातूरचा, घरची शेती बरी, पुण्यात दोन वर्षं शिकून आलेला. तेवढ्यावर स्वतःला मराठीचा ठेकेदार समजायचो.

प्रज्ञा आमच्यात सगळ्यात नवी. देवणीजवळच्या खेड्यातली, बौद्ध घरातली. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. प्रज्ञा ऑफिसातही घरच्यासारखंच बोलायची — "सर, मॅप उघडायले." मी ओठ दाबून हसायचो. हसताना इतरांकडे बघायचो, त्यांनीही हसावं म्हणून. जात मी कधी तोंडावर आणली नाही. आणायची गरजच काय होती? बोलण्यावर हसलं की भागत होतं.

तिनं एक गाव केलं. त्यात हापशावर एक बाई उभी. खेळणारा जवळ गेला की ती म्हणायची, "कोणाचं लेकरू रं तू? उन्हात काय फिरायलास? आधी पाणी पी, मंग इचार काय ते." पुण्याहून निरोप आला — गाव छान, हापशावरची बाई तर फारच छान. माझ्या एवढ्या वर्षांच्या कामाला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

शेवटची तपासणी माझ्याकडे असायची. तेव्हा आम्ही नुकताच एआय एजंट वापरायला लागलो होतो. आपण साध्या भाषेत काम सांगायचं. तो स्वतः फाईल उघडतो, वाक्यं शोधतो, बदलतो, फाईल पुन्हा बंद करून ठेवतो. मी त्याला सांगितलं — सगळे संवाद शुद्ध मराठीत कर, गावंढळ शब्द काढून टाक.

तो थांबला. यंत्र थांबलं — मी नाही. त्यानं लिहिलं की ही बोली मुद्दाम वापरलेली दिसते, आणि हापशावरच्या बाईच्या वाक्यांशेजारी टीप आहे: 'आईचे शब्द, बदलू नये.' तरी बदलायचे का?

ती टीप मी आधीच वाचली होती. मी 'हो' लिहिलं. मग खाली जाऊन चहा प्यायलो, आणि चहा मला चांगला लागला.

गेम बाजारात आला. त्या आठवड्यात प्रज्ञा आईला घेऊन ऑफिसात आली. आई अक्षरं उशिरा शिकलेली, बोट लावून वाचणारी. प्रज्ञानं मॅप उघडला. पडद्यावर हापशावरची बाई म्हणत होती, 'नमस्कार. आपण कोण आहात? कृपया प्रथम पाणी घ्या.'

आईनं ते दोनदा वाचलं. मग लेकीला विचारलं, "ही कोण हाय?"

प्रज्ञा माझ्याकडे वळली. "सर, हे कसं झालं?"

"एआयनं परस्पर बदललं असेल," मी म्हणालो. "तू एक कॉपी वेगळी ठेवायला पाहिजे होती."

बघा — खोटं बोललो ते बोललो, वर चूकही तिच्याच पदरात घातली. आणि ती काय म्हणाली? "हाव सर. माझंच चुकलं."

आई रागावली असती तर मी तिलाही हसलो असतो बहुतेक. ती रागावली नाही. लेकीच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "जाऊ दे बाई. मशिनीलाबी कळतंय, आपलं बोलणं बरं न्हाई."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं, तेही माझ्या त्या शुद्ध मराठीत. मी कूलरचं बटण फिरवत बसलो.

पुण्याला कळवून जुनी वाक्यं परत घालता आली नसती का? आली असती. पण ती एजंटच्या नोंदीतून काढावी लागली असती, आणि तिथं सगळं होतं — त्यानं काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, जुनी वाक्यं कोणती. मी ती नोंद पुसून टाकली. प्रज्ञाला सांगितलं, आता काही होत नाही. तिनं मान डोलावली. पुढच्या मॅपपासून तिची सगळी माणसं माझ्यासारखी बोलायला लागली. मग तीही.

आता ती लातूरला चांगल्या नोकरीत आहे. गेल्या महिन्यात बसस्टँडवर भेटली. तिथंच आईचा फोन आला. पूर्वी ती आईला 'माय' म्हणायची. आता म्हणाली, "हो आई, मी सहापर्यंत पोहोचते." फोनमधला आवाज मलाही ऐकू आला — "बरं आहे. मी वाट पाहते." 'हाय' नाही, 'आहे'. जपून, एकेक शब्द जुळवून.

प्रज्ञानं फोन ठेवला आणि माझ्या मुलांची चौकशी केली. मी त्यांचे मार्क सांगितले.