पुसलेलं दार

ड्रायव्हरकाकांनी उभा जन्म बस चालवली, पण कुणाच्या गाडीला साधा ओरखडा पाडला नाही. निवृत्तीनंतर मात्र वळणावर बेकरीच्या पांढऱ्या व्हॅनने त्यांच्या लाल गाडीचं डावं दार चेपलं, आणि व्हॅनवाला "सॉरी काका" म्हणून पसार झाला.

डावं दार म्हणजे काकूंचं दार. पक्षाघातापासून काकूंचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला असे. त्या हातासाठी काका त्यांना गाडीत घालून व्यायामवाल्या बाईंकडे नेत. बाई मऊ चेंडू हातात देत, चेंडू घरंगळून खाली जाई, काका उचलून देत. आता दार उघडेना. मागच्या सीटवर काकूंचा पाय वळत नव्हता, आणि भाड्याच्या गाडीत परक्या माणसाने काखेत हात घालून बसवलेलं त्यांना सोसत नसे. व्यायाम बंद पडला. "खंड पडला तर हात आहे तिथेच राहील," असं बाईंनी बजावलं होतं.

म्हणून काका विम्याच्या मागे लागले. फोनवर ताटकळताना वाजणारी ती टिंगटिंग ते अंघोळ करताना गुणगुणू लागले, तेव्हा त्यांना स्वतःचीच कीव आली. गॅरेजवाला म्हणाला, "विमा कंपनीचा सर्व्हेअर बघेपर्यंत गाडीला हात लावू नका." काकांनी मान डोलावली. घरी येऊन हे सांगायचं मात्र राहून गेलं. हल्ली ते इतके दमलेले असत, की घरात बोलणं औषध आणि जेवणापुरतंच उरलं होतं. "उद्या साहेब गाडी बघायला येणार आहेत," एवढंच ते बोलले.

दुसऱ्या दिवशी काका गॅरेजवरून सर्व्हेअरला घेऊन आले. सर्व्हेअर दारापाशी वाकला. बोट फिरवून त्याने ते नाकाशी नेलं.

"धडक कशाची म्हणालात?"

"पांढऱ्या व्हॅनची. रंग लागलाय बघा तिचा."

"कुठाय?"

काकांनी चष्मा लावला. चेपलेलं दार लख्ख पुसलेलं होतं.

सर्व्हेअर माणूस वाईट नव्हता. "काका, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण हा मार जुना नाही, हे कंपनीला मी कशावरून दाखवू? फोटो तरी आहे?" फोटो नव्हता. गाडी दारात उभी असताना फोटो कशाला, असं काकांना वाटलं होतं. सर्व्हेअर चहाला न थांबता गेला.

काका तणतणत आत आले. काकू खुर्चीत बसल्या होत्या.

"गाडी कोणी पुसली?"

"मी. साहेब येणार म्हणालात ना? मळकी गाडी दाखवायची का त्यांना? मेला तो पांढरा रंग जाता जाईना. शेवटी रॉकेल लावलं."

संसारात काकूंनी पुसल्याशिवाय काकांची गाडी कधी बाहेर पडली नव्हती. आजारपणापासून तेवढं थांबलं होतं. हे सगळं काकांना ठाऊक होतं, तरी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडणार तोच त्यांचं लक्ष खुर्चीला टेकवलेल्या काकूंच्या काठीकडे गेलं.

"अंगणात गेलीस कशी? काठीशिवाय?"

"काठी टेकूनच उभी होते. सोडली असती तर पडले नसते का?"

काठी कायम डाव्या हातात असे. काका स्टूल ओढून खाली बसले. त्यांनी काकूंचा उजवा हात उचलला आणि नाकाशी नेला. बोटांना रॉकेलचा वास येत होता. नखांत पांढरा रंग अडकला होता.

"चुकलं का माझं काही?" काकूंनी विचारलं. "ओरडायचं तर ओरडा एकदाचे."

काकांना रडू आवरेना. बऱ्याच वेळाने त्यांनी बाहीने नाक पुसलं.

"अजून तीन दारं राहिलीत," ते म्हणाले.