कल्याणचे सहा महिने

मी चोर आहे. हे आज इथे लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

लिमये सर सकाळी गेले.

डोंबिवलीला त्यांच्या घरी जाऊन आले आणि तेव्हापासून येरझाऱ्या घालतेय. नवरा दोनदा म्हणाला, जरा बस. बसवतच नाहीये.

सर म्हणजे ठाण्याच्या ऑफिसमधले माझे सीनियर. कंपन्यांचे आकडे तपासायचे आणि रिपोर्ट लिहायचा, हे आमचं काम. मी नवीन होते, तोंडाने फटकळ आणि डोक्यात भरपूर हवा.

एकदा पॅथॉलॉजी लॅब चालवणारी एक कंपनी आली. वर्षात विक्री थेट दीडपट. मी खुशीत सरांना दाखवायला गेले.

"अगं, दुसऱ्यांच्या लॅब विकत घेतल्या की विक्री वाढणारच. त्या बाजूला काढ. जुन्या लॅबमध्ये किती वाढलं ते सांग. ती ऑरगॅनिक ग्रोथ, ती त्यांची स्वतःची."

मनात म्हटलं, झालं यांचं सुरू.

पण सर नुसते बोलून थांबणारे नव्हते. महिनाभर दर सोमवारी उपाशीपोटी त्या कंपनीच्या वर्तकनगरच्या जुन्या लॅबमध्ये गेले आणि स्वतःची शुगर तपासून घेतली. कशाला, तर सकाळी नऊ वाजता कितवं टोकन मिळतं, म्हणजे तोवर किती पेशंट येऊन गेले, ते बघायला.

प्रत्येक सोमवारी टोकनचा नंबर आधीपेक्षा लहान. शुगर मात्र नॉर्मल. काउंटरवरची मुलगी म्हणे, काका, एवढं टेन्शन घेऊ नका.

ऑफिसात आम्ही यावर खूप हसलो. सगळ्यात जास्त मी.

मग एका शुक्रवारी सर रजेवर होते आणि बॉसला रिपोर्ट संध्याकाळपर्यंत हवा होता.

सरांच्या टेबलावर त्यांचा हिशोबाचा कागद होता. विकत घेतलेल्या लॅब वेगळ्या काढलेल्या, वाढवलेले रेट वेगळे, आणि खाली उरलेली वाढ. अगदी चिमूटभर.

मी तो उचलला. आकडे जसेच्या तसे टाईप केले. रिपोर्टवर नाव माझ्या एकटीचं.

बॉसने सगळ्यांसमोर विचारलं, "हे तू शोधलंस?"

मी हो म्हटलं.

सोमवारी सरांनी रिपोर्ट वाचला. आता बोलतील म्हणून मी मनात सबबी जुळवत होते. ते म्हणाले, "मांडणी छान केलीस." बस, एवढंच.

तीन महिन्यांनी त्यांना काढलं. म्हणे, यांचं काम दिसत नाही.

त्यांचं काम माझ्या नावावर दिसत होतं ना. मी तोंड उघडायला हवं होतं. मी त्यांच्या सेंडऑफला केकच्या प्लेट वाटत होते. लाज वाटते मला.

नंतर सरांचे दोन फोन आले. जाब विचारतील या भीतीने मी उचलले नाहीत. परत फोन केलाही नाही.

आज सरांच्या घरी काकूंनी एक फाईल हातात दिली. "तुझा रिपोर्ट जपून ठेवला होता गं त्यांनी. आल्यागेल्याला दाखवायचे, माझ्या हाताखालच्या मुलीने केलाय म्हणून."

शेवटच्या पानावर पेन्सिलीने त्यांचं बारीक अक्षर:

'कल्याणची लॅब गेल्या वर्षाच्या मध्यावर घेतली, त्याआधीचे सहा महिने ती यांच्या विक्रीत नव्हती. म्हणून तिचे यंदाचे पहिले सहा महिनेही वजा हवेत. ते राहिले. तिला फोन करून सांगणे.'

म्हणजे मी चोरलेला कागद अर्धवट होता. आणि ते कळण्याइतकीही अक्कल मला नव्हती.

फोन त्यासाठी होते.

घरी आल्या आल्या कल्याणचे सहा महिने वजा केले, सर. जुन्या लॅबची विक्री वाढलेली नाहीच, घटली आहे. टोकन बरोबर सांगत होतं.

तो रिपोर्ट तुमचा होता. चूक तेवढी माझी.

दोनदा केलं गणित. तिसऱ्यांदा करतेय. बरोबर आलंय का, कुणाला विचारू?

नमस्कार करते, सर. फोन उचलायला हवा होता मी.