एका कॅटातल्या दोन बदाम राण्या

जेवण झालं, भांडी झाली, आणि शालिनी ओले हात पदराला पुसत माझ्यासमोर येऊन बसली. "वाटा," म्हणाली. मी पत्ते वाटले. नवरा-बायको म्हणून आम्ही मिळून केलेलं ते शेवटचं काम...

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातला नाही. सातवी शिकलेला माणूस. देवाला हात जोडायचो तेसुद्धा बायको बघते म्हणून. गोव्यात कसिनोच्या बोटीवर चौदा वर्षं वेटर होतो. तिथं लोक पत्त्यांवर फुंकर मारायचे, खिशात लिंबू ठेवायचे, एक जण तर बाबाचा अंगारा लावलेला रुमाल टेबलावर घेऊन बसायचा. सगळे हरायचे. मी ग्लास उचलायचो आणि हसायचो.

आता बहारीनला मुलाकडे असतो, उम्म अल हस्समला, तिसऱ्या मजल्यावर. विलास एसीच्या कंपनीत, सून नर्स. दिवसभर दोघं ड्यूटीवर, घरात आम्ही दोन म्हातारे. दुपारी ब्लॅकजॅक खेळायचो. पैसे नाही, चिंचोके — तिनं वेंगुर्ल्याहून येताना पिशवीभर आणलेले. इथं जुगाराला बंदी, म्हणून ती आधी दाराची कडी लावून यायची.

"पोलीस इले तर?"

"चिंचोके धरून न्हेतीत. तुका सोडतीत."

खेळ सोपा. एकवीसच्या जवळ जायचं, वर गेलात की मेलात. पण टेबलावर बाजूला एक गोल असतो, तिथं वेगळी पैज लावता येते. साइड बेट. पत्ते वाटायच्या आधीच लावायची, की माझी पहिली दोन पानं जोडीची येणार. काळी-लाल जोडी आली तर थोडे मिळतात. एका रंगाची आली तर बारा पट. आणि दोन्ही पानं हुबेहूब एकच आली, बदाम राणीवर बदाम राणी, तर ती अस्सल जोडी, पंचवीस पट. लोक त्या पंचविसासाठी वेडे होतात. बोटीवरचा एक जुना डीलर, पानं वाटणारा, मला म्हणायचा, "मूळ खेळात माणूस कधीतरी जिंकतो रे. आपला पगार त्या बाजूच्या गोलातून निघतो."

तरी बोटीवर ती जोडी येऊ शकते, कारण तिथं सहा कॅट एकत्र पिसतात. सहा बदाम राण्या असतात. माझ्या घरी कॅट एक. राणी एक. अस्सल जोडी येणारच कशी?

मला हे ठाऊक होतं. शालिनीला नव्हतं.

तिला गावी जायचं होतं. रोज तेच. घर बंद आहे, तुळस मेली असेल, एकदा तरी नेऊन आणा. मला जायचं नव्हतं. खरं सांगतो, मला इथला एसी आवडला होता. विहिरीचं पाणी काढा, कौलं शाकारा, डॉक्टरला एसटीनं जा, कोण करणार? म्हणून एक दिवस तिचं तोंड बंद करायला म्हटलं, "अस्सल जोडी आली की त्याच दिवशी तिकीट." ती एवढी खूश झाली की तिनं त्या दिवशी शिरा केला.

दोन वर्षं ती रोज एक चिंचोका बाजूच्या गोलात ठेवत होती आणि दोन वर्षं मी तो उचलत होतो. मजा वाटायची मला. तेही लिहितो, लपवत नाही.

शेवटच्या दिवशी तिला बदाम राणी आली आणि चौकट राणी आली.

"इली! इली!"

"ही रंगाची. बारा चिंचोके घे आणि गप रव."

"माका चिंचोके नको. माका घराक न्हेवा."

"दोनय पानां एकसारकी होयी. आज नाय, उद्या येतली."

ती हसली. "उद्या येतली," म्हणाली, आणि बारा चिंचोके माझ्याकडे परत सरकवले.

मी सवयीनं पानं मोजली. बावन्न. हा कॅट मी बोट सोडताना मिळालेला. वापरून झालेल्या कॅटात मशीननं मधोमध भोक पाडतात, परत कुणी टेबलावर आणून लबाडी करू नये म्हणून. त्या भोकातून ती लाल नाडा ओवायची आणि गाठ मारायची. तिचा बाप रापणकार, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा, गाठ जाळ्याची. मला ती कधी मारता आली नाही. गाठ मारून तिनं कॅट फडताळात ठेवला आणि जरा पडते म्हणाली. चार वाजता चहाला हाक मारली. उठली नाही.

विलास रडत रडत म्हणाला, "बाबा, आईला गावी न्यायचं का? पेपर मी करतो."

मी म्हटलं, "मेलेल्या माणसाला गाव काय आणि परदेश काय. इथंच कर."

इथंच केलं. राख अरादच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडली. "हाच समुद्र पुढे आपल्याकडे जातो," असं मीच पोराला सांगितलं. परत आलो तेव्हा दुपार होती. विलास आत जाऊन पडला, सूनबाई ड्यूटीवर गेली. हाताला चैन पडेना, म्हणून फडताळातून कॅट काढला. नाडा तसाच, गाठ तिचीच. सोडवायला नखं तुटायची वेळ आली. पिसला. सवयीनं तिच्या जागेपुढे एक चिंचोका ठेवला आणि दोन पानं वाटली. उलटी केली.

बदाम राणी. बदाम राणी.

मी बाकीची मोजली. एकावन्न. म्हणजे सगळी मिळून त्रेपन्न. दोन्ही राण्यांना भोक, एकाच ठिकाणी. दोघींच्या डाव्या कोपऱ्यावर शालिनीच्या अंगठ्याचा हळदीचा डाग. तोच डाग, तेवढाच, तिथंच.

विलासला हाक मारली. त्यानं पानं हातात न घेता पाहिली. "दुसऱ्या कॅटातलं आलं असेल, बाबा."

"घरात दुसरा कॅट आहे? आणि भोक कोणी पाडलं? डाग?"

तो हळूच म्हणाला, "पण एका कॅटात एकच बदाम राणी असते ना?"

"असते."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"आई रोज जेवताना मला सांगायची... विलास, सुट्टीचा अर्ज तयार ठेव, उद्या जोडी येतली." एवढं बोलून तो उठला आणि खोलीचं दार लावून घेतलं. रात्री जेवायलाही आला नाही.

ते त्रेपन्नावं पान कुठून आलं, मला आजही कळलेलं नाही. तिला माझी लबाडी कळली होती आणि तिनंच कुठून तरी घातलं म्हणावं, तर शेवटची बावन्न मी स्वतः मोजली होती आणि माझ्यासमोर तिनं गाठ मारली होती. शिकलेल्यांनी सांगावं. मला फक्त बोटीवरचा नियम ठाऊक आहे — जिंकलेल्याचं देणं दिल्याशिवाय डीलरनं पानं उचलायची नाहीत. म्हणून मी ती उचलली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखेचा रिकामा गडवा पिशवीत घातला आणि टॅक्सीनं अरादला गेलो. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं, जिथं राख सोडली तिथं नुसता चिखल. पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून आत गेलो. चिखलात तिचं काही दिसतंय का पाहिलं. काही नव्हतं. तरी त्याच चिखलानं गडवा भरला.

घरी आलो, तेव्हा विलास बूट घालत होता. मी गडवा टेबलावर दोन राण्यांच्या शेजारी ठेवला आणि म्हटलं, "वेंगुर्ल्याला जायचं. तिकीट काढ."

त्यानं माझ्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं, मग गडव्याकडे.

"आता?" म्हणाला.