मंदाताईंना मी सांगितलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. देवाला सांगितलं असं म्हणावं, तर तेही खोटं. त्याच्यासमोरही मी हा विषय टाळते. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आम्ही मूळचे वसईचे, कॅथलिक. पप्पा दुबईत आले आणि ऑफिसमधल्या एका मित्राचं पाहून मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथात गेले, मग आम्ही सगळेच गेलो. मी तेव्हा दहा वर्षांची होते. एकविसाव्या वर्षी मी मिशनरी झाले. मिशनरी म्हटलं की लोकांना दारोदार फिरणारे, टाय लावलेले गोरे तरुण आठवतात. इथे ते चालत नाही. रस्त्यात कुणाला थांबवून धर्माचं बोललात तर खलास. आमचं मिशन म्हणजे जबल अलीच्या लेबर कॅम्पसाठी साबण-टूथपेस्टची पाकिटं भरणं, चर्चमधल्या आजारी माणसांना भेटणं, घरकाम करणाऱ्या बायकांना इंग्लिश शिकवणं. फिरायचं जोडीनं. माझी जोडीदार मारिसेल, फिलिपिनो. चहा-कॉफी आमच्या पंथात बंद. देवाबद्दल बोलायचं ते कुणी आपणहून विचारलं तरच.

मंदाताईंनी आपणहून विचारलं. ऊद मेथाच्या बस स्टॉपवर मी फोनवर आईशी मराठीत भांडत होते. फोन ठेवला तर शेजारची बाई हसत होती. "मराठीच हाईस की गं पोरी! कुठं निघालाय दोघी नटून?" मी म्हटलं, चर्चला. "मी आले तर चालंल?"

गडहिंग्लजजवळच्या खेड्यातल्या त्या. इथे एका शाळेत सफाईचं काम करायच्या. नवरा कधीच सोडून गेलेला. मुलगी पल्लवी, सहा वर्षांची, गावी आजीपाशी ठेवलेली — ती तापाने गेली. सुट्टी मिळाली नाही. पोरीला उचलून नेताना त्यांनी फोनवर पाहिलं, कंपनीच्या बसमध्ये बसून.

हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मी मारिसेलला इंग्लिशमध्ये सांगितलं. मारिसेल रडली. म्हणाली, यांना सांग — आपण मानतो की घरातली माणसं मेल्यावर पुन्हा एकत्र येतात, आणि लहान मुलं तर थेट देवाकडेच असतात. मी तसं सांगितलं. तेव्हा खरं तेच सांगितलं. मंदाताईंनी माझा हात असा धरला, की बांगडी रुतली.

मग त्या दर सभेला यायला लागल्या. दिवसाला आठ कप चहा पिणारी बाई — चहा सोडला. "चार दिवस डोकं फुटायला आलतं," एवढंच म्हणाल्या. एका सभेत त्या उठून उभ्या राहिल्या आणि बोलल्या. मी शेजारी उभी राहून भाषांतर करत होते. फार काही नव्हतं त्यात. शाळेच्या बाथरूममधली लादी पुसताना त्या पल्लवीशी बोलतात, आणि आता पहिल्यांदाच कुणीतरी ऐकतंय असं वाटतं — एवढंच. पण अख्खा हॉल रडला. बायका येऊन त्यांना मिठ्या मारत होत्या. आमच्या शाखेचे प्रमुख, साठीचे अमेरिकन गृहस्थ, माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "तू त्यांचा आवाज आहेस. किती भाग्यवान आहेस."

त्यांचा आवाज. मी!

तुम्हाला कसं सांगू? मी अकरा वर्षं त्या हॉलमध्ये बसत होते. सगळी वचनं पाठ, सगळ्या प्रार्थना पाठ. सभेत उठून आपल्या विश्वासाबद्दल बोलायचं, ती माझी साक्षही पाठ केलेली असायची, कुठे थांबायचं, कुठे आवाज कापरा करायचा तेसुद्धा. आणि मला कधीच काही जाणवलं नव्हतं. एकदाही नाही. आणि ही बाई चार आठवड्यांत, हातात साबणाचा वास घेऊन — हिला सगळं मिळालं? मला राग आला होता का? राग असता तर बरं झालं असतं. मी अगदी शांत होते.

मंदाताईंचा बाप्तिस्मा ठरला. आमच्यात तो पूर्ण पाण्यात बुडवून करतात. त्याआधी प्रमुख काही प्रश्न विचारतात. खोलीत आम्ही तिघंच — ते, मंदाताई आणि मध्ये मी. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्या "व्हय" म्हणाल्या. सगळं दहा मिनिटांत झालं. शेवटी ते म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मंदाताईंनी पदर सावरला. "तुम्ही पोरी सांगता ते खरंच असणार. पण येकदा मोठ्या माणसाच्या तोंडनं ऐकू दे. माझी पल्लवी मला परत गावंल न्हवं?"

मी प्रमुखांना इंग्लिशमध्ये बरोबर विचारलं, शब्द न् शब्द. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "हो. सांग त्यांना, हो. त्या तिला पुन्हा कुशीत घेतील."

मी मंदाताईंकडे वळले आणि म्हणाले, "ते म्हणतात, नाही. तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता. तुम्ही एकीकडे जाल, ती दुसरीकडे. भेट होणार नाही."

मंदाताईंनी माझ्याकडे नाही, प्रमुखांकडे पाहिलं. आणि ते हसत होते. प्रेमाने मान डोलावत होते.

"नक्की का म्हणून इचार," मंदाताई म्हणाल्या.

मी विचारलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. "अगदी नक्की."

"नक्की," मी म्हटलं.

तेव्हा थांबता आलं असतं. मी दुसऱ्यांदाही तेच केलं, आणि दुसऱ्यांदा आवाज अजिबात कापला नाही. प्रमुखांनी टिश्यूचा डबा पुढे केला. मंदाताईंनी एक टिश्यू घेतला, घडी घालून परत टेबलावर ठेवला. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. त्यांना नमस्कार करून निघाल्या. मी प्रमुखांना सांगितलं, त्या भारावून गेल्यात, थोडा वेळ मागतायत. ते म्हणाले, हवा तेवढा वेळ घेऊ दे.

त्या परत आल्या नाहीत. मारिसेल रोज विचारायची. मी सांगायचे, फोन केला होता, उचलत नाहीत. मी केलाच नव्हता. फोन त्यांनीच केला, तीनदा. मग एक व्हॉइस मेसेज आला. "पोरी, माझ्याबरबर तिच्या नावाचा बाप्तिस्मा पण मीच घेतला तर? तसं चालतंय का त्या सायबास्नी इचार की. मी दोनदा पाण्यात बुडायला तयार हाय."

तो मेसेज मी पुसून टाकला. पण त्याआधी दोनदा ऐकला. पहिल्यांदा ऐकताना बरं वाटलं होतं — हे लिहायला सगळ्यात जड जातंय — म्हणून पुन्हा ऐकला.

दोन महिन्यांनी त्यांचा करार संपला आणि त्या गावी गेल्या. माझं मिशन संपलं तेव्हा निरोपाच्या सभेत प्रमुखांनी त्या दिवसाची गोष्ट सांगितली. एका आईच्या प्रश्नाचं उत्तर मी किती हळुवारपणे तिच्या भाषेत पोचवलं, ते. लोक माझ्याकडे वळून पाहत होते. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

आता मी एका शिपिंग ऑफिसात काम करते. अजूनही सभेत भाषांतर करते, लोक मुद्दाम मलाच बोलावतात. मंदाताईंचा नंबर माझ्याकडे आहे, आणि तो चालू आहे. अधूनमधून त्यांचा फोटो बदललेला दिसतो. मागच्या महिन्यात शेतात उभ्या होत्या, उन्हाने डोळे बारीक केलेले. केस बरेच पिकलेत.

पल्लवी आपल्याला कधीच भेटणार नाही, असं त्या समजून आहेत. एका फोनचं काम आहे. तो मी केलेला नाही.