आधी नाव विचारा

आमच्या स्की क्लबात नोएलीनच्या शिव्या न खाल्लेला स्वयंसेवक शोधून सापडायचा नाही. बर्फात पडलेल्याला घसरगाडीवर बांधून डोंगराखाली कसं न्यायचं, हे ती दर हिवाळ्यात शिकवते. तिचा पहिला नियम असा, की जखमीला हात लावण्याआधी नाव विचारायचं, मग कुठं दुखतंय ते. सख्खा भाऊ असला तरी विचारायचं. डोकं ठिकाणावर आहे का ते उत्तरावरून कळतं. नाव विचारायचं विसरला, एवढ्यावरून तिने आमच्यातल्या तरण्या हेमीला दोनदा नापास केलं होतं.

परीक्षा दरवर्षी आणि सगळ्यांची, हाही नियम तिचाच. नापास झालं की बचाव पथकाचं लाल जाकीट परत. यंदा तिची परीक्षा घ्यायला नेमका हेमी उभा होता. सत्तरीची बाई, ते जाकीट गेलं तर ती करणार काय, हे आम्हा कुणालाच सुचत नव्हतं.

जखमी म्हणून नेहमीप्रमाणे तिचा नवरा मर्व. बर्फात आडवं होऊन डुलकी काढायची, एवढंच त्याचं क्लबातलं काम, आणि ते तो मन लावून करतो.

नोएलीन झोकात उतरली, गुडघ्यावर बसली आणि थेट त्याचा डावा पाय धरला. "मोडलाय. फळी द्या!"

"थांब, आंटी," हेमी म्हणाला. "नाव नाही विचारलंस."

"याचं? चाळीस वर्षं याचे मोजे धुतेय मी!"

"सख्खा भाऊ असला तरी, असं कोण म्हणायचं गं?"

आम्ही हसू दाबायला मफलर तोंडात कोंबले. आणखी एकच संधी होती. पुन्हा वर चढताना तिने जाकिटाची चेन पार गळ्यापर्यंत ओढून घेतली. ते पाहून मात्र मला वाईट वाटलं.

ती परत खाली आली. "नाव काय तुमचं?" दातओठ खात तिने विचारलं.

"मर्व."

"कुठं दुखतंय?"

ठरलेलं उत्तर होतं डावा पाय. मर्व कोपरावर उठला. "उजवा गुडघा. खराखुरा. गेल्या हिवाळ्यापासून. जिना उतरवत नाही गं."

"आणि हे मला आज सांगतोस?"

"तू आज विचारलंस."

आम्ही मफलर तोंडातून काढले. नोएलीनने हातमोजा काढला आणि त्याच्या गुडघ्यावर हलकेच हात ठेवला. मग एकेक पट्टा तपासत त्याला घसरगाडीवर बांधलं आणि निघाली. परीक्षा पिवळ्या निशाणापाशी संपत होती. निशाण मागे पडलं तरी ती थांबेना.

"आंटी, थांब! पास झालीस! जाकीट तुझंच!" हेमी ओरडला.

"जाकीट घाल चुलीत!" खालून आवाज आला. "पुढे पळ आणि मोटारीचं दार उघड!"