पेरूची पानं आणि एक ‘बलुम’

बू प्राप्तींना, म्हणजे प्राप्तीबाईंना, त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ‘लग्न जुळवणारी मावशी’ म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे. इंडोनेशियात, जावा बेटावरच्या सेमारांगच्या विद्यापीठात त्या अन्नविज्ञान शिकवतात, पण निम्मी नोकरी मुलांना कारखाने आणि कारखान्यांना मुलं मिळवून देण्यातच गेली. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एखाद्या कारखान्याचा प्रश्न घ्यायचा, कारखान्याने माल आणि जागा द्यायची, उत्तर दोघांनी वापरायचं, अशी ही सोयरीक. मालक रुसला तर समजूत घालायची, मुलाने यंत्र बिघडवलं तर माफी मागायला जायचं, सणाला लुंपियाची, म्हणजे तळलेल्या रोलांची, टोपली पोचवायची, हे सगळं बू प्राप्तींनीच करायचं. त्यांचं स्वतःचं लग्न मात्र झालं नाही.

‘झालं नाही’ असं जावात कुणी म्हणत नाही. लग्न झालं का, असं कुणी विचारलं तर पन्नाशी उलटलेल्या बाईनेही ‘बलुम’ म्हणायचं असतं. बलुम म्हणजे अजून नाही. नातवंडं? बलुम. हज? बलुम. साफ नकाराला ‘तिदाक’ हा शब्द आहे, पण तो चारचौघांत वापरणं म्हणजे नशिबाच्या तोंडावर दार आपटणं. बू प्राप्ती हे उत्तर इतक्या सवयीने देतात, की त्यात आशा राहिलेली नाही आणि खंतही.

त्यांच्या सोयरिकींपैकी सगळ्यात जुनी पाक, म्हणजे श्रीयुत, हार्दीमान यांच्या कारखान्याशी. शहराच्या उत्तर टोकाला, जिथे भरती आली की रस्त्यावर समुद्राचं पाणी चढतं, तिथे हार्दीमान कुटुंब बांदेंग मासा शिजवतं. या माशात काटेच काटे. मोठ्या बंद भांड्यात वाफेच्या दाबाखाली तो इतका शिजवायचा, की काटे बिस्किटासारखे विरघळतात. मग पाकिटात हवाबंद करून स्टेशनजवळच्या दुकानांत भेट म्हणून विकायचा. थोरल्या मालकांची, म्हणजे हार्दीमानांच्या वडिलांची, एक खास युक्ती होती. शिजवण्याआधी मासा पेरूच्या पानांच्या काढ्यात बुडवायचा, म्हणजे तो जास्त दिवस टिकतो. ही युक्ती खरी का, आणि खरी असेल तर किती खरी, हा विद्यापीठाला दिलेला प्रश्न होता. त्यावर एकामागून एक विद्यार्थी झाले. यंदा मिनारची पाळी होती.

मिनार सिनागा सुमात्राच्या तोबा तळ्याकाठची, बाताक जमातीची. जावातल्या लोकांच्या मते बाताक माणूस कानात बोलला तरी गल्लीला ऐकू जातं. मिनारने पानांत बुडवलेले आणि न बुडवलेले मासे शेजारी शेजारी ठेवले, रोज तपासले, वास घेतला, जंतू मोजले, आणि दोन्ही ढीग बरोबरीने नासलेले पाहिले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. प्रबंधाच्या शेवटी तिने लिहिलं, पेरूच्या पानांचा परिणाम होत नाही. तिदाक.

बू प्राप्तींनी तो कागद वाचून चष्मा काढला.

“हे ‘होत नाही’ काढ. ‘अजून दिसून आलेला नाही’ असं लिही.”

“पण होतच नाही ना, बू!”

“हळू बोल. इथे कुणी बहिरं नाही.”

“आमच्याकडे तळ्याच्या या काठावरून त्या काठाशी बोलतात, बू. सवय आहे.”

“मग सवय मोड. आणि शब्दही बदल.”

“मासा मेलाय, बू. तो ‘अजून’ काय करणार?”

बू प्राप्तींना हसू आलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. गोष्ट हसण्यासारखी नव्हती. कारखान्यात केलेल्या कामाला मालकाची संमती असल्याशिवाय तोंडी परीक्षा होत नाही, असा विभागाचा नियम. हार्दीमान बिथरले आणि त्यांनी संमती नाकारली, तर मिनारला दुसऱ्या कारखान्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार. तिची शिष्यवृत्ती याच सहामाहीत संपत होती. म्हणजे पदवीशिवाय घरी, तळ्याकाठी. हे मिनारलाही कळत होतं. म्हणूनच ती कागद परत घेऊन गेली, पण शब्द मात्र तिने बदलला नाही.

त्याच आठवड्यात विद्यापीठाबाहेर सोतोच्या, म्हणजे कोंबडीच्या रश्शाच्या, टपरीवर तिला विगाती भेटली. ही तिच्या आधीची विद्यार्थिनी, आता बँकेत काम करते. मिनारच्या बोटांना मासळीचा वास येतोय म्हणून तिने नाक मुरडलं आणि विचारलं, “कुठला कारखाना?”

“हार्दीमान.”

“पेरूची पानं?”

मिनारचा चमचा थांबला.

“अगं बाई!” विगाती खो खो हसत सुटली. “मावशींनी त्याच नवरीचं परत लग्न लावलं! माझ्या आधी कितीतरी जणांचं लावलं, मग माझं, आता तुझं. नासले ना दोन्ही ढीग?”

“नासले.”

“आमचेही नासले. पण लिहिलं बलुम, आणि झाले पास. तूपण लिही आणि सुट. त्यात काय एवढं!”

मिनारने सोतो अर्धवट टाकला आणि तडक बू प्राप्तींची खोली गाठली. दार उघडंच होतं.

“तुम्हाला माहीत होतं, बू?”

“काय?”

“माझ्या आधीच्या सगळ्यांचंही हेच निघालं होतं.”

“त्यांचा निष्कर्ष निघाला नव्हता.”

“निघाला होता. तुम्ही त्याला बाहेर येऊ दिलं नाही.”

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी चालता चालता थबकलं. बू प्राप्तींनी उठून दार लावलं, आणि परत खुर्चीपर्यंत येताना गुडघा धरला. बसल्यावर त्या बोलल्या, ते आवाज न चढवता.

“पहिल्या मुलाचा निकाल आला, तेव्हा थोरले मालक नुकतेच गेले होते. घरात चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाची तयारी चालू होती. मी भेटायला गेले तर त्यांच्या बायकोने मला परसात नेऊन ते पेरूचं झाड दाखवलं. त्यांना काय सांगायचं होतं मी? की तुमच्या नवऱ्याच्या पाल्याने काही होत नाही? मी म्हटलं, अजून नाही, अजून अभ्यास हवा. पुढच्या वर्षी हार्दीमानांचाच फोन आला, नवीन विद्यार्थी कधी पाठवता म्हणून. मला वाटलं, त्यांना आशा आहे. आशा असलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?”

“आणि मी बलुम लिहिलं, की पुढच्या वर्षी अजून एक येईल?”

“येईल.”

“तिलाही नाही सांगणार?”

पुढच्या वर्षीची ती कोण कुठली मुलगी बू प्राप्तींना डोळ्यांसमोर दिसली. नाकाला रुमाल बांधून माशांवर वाकलेली, मन लावून काम करणारी. तिला सगळं नव्याने समजावून सांगायचं, मालकांशी गाठ घालून द्यायची, शेवटी एक शब्द बदलायला लावायचा. त्यांना त्यात पाप वगैरे काही दिसलं नाही. फक्त फार कंटाळा आला.

“चल,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“हार्दीमानांकडे. सांगेन मीच. तू फक्त गप्प बसायचंस. जमेल?”

“प्रयत्न करते.”

“बलुम म्हण.”

“बलुम, बू.”

स्कूटर बू प्राप्ती चालवत होत्या. कारखान्याच्या रस्त्यावर भरतीचं पाणी घोट्याच्या वर होतं. दोघींनी चपला काढून पुढच्या पिशवीत टाकल्या. ओसरीवर हार्दीमानांच्या आई बसल्या होत्या. त्यांना सगळे एयांग, म्हणजे आजी म्हणतात.

“प्राप्ती, आलीस? लग्न झालं का गं?”

“बलुम, एयांग.”

“होईल, होईल. दिसायला काय वाईट आहेस?”

हे संभाषण दर भेटीत होतं, आणि शब्दाचाही फरक पडत नाही.

आत चहा आला, तळलेली केळी आली. गुडघ्यांविषयी बोलणं झालं, माशाच्या तळ्यांत खारं पाणी किती शिरतंय त्याविषयी झालं, हार्दीमानांच्या मुलीच्या परीक्षेविषयी झालं. कामाची गोष्ट दुसऱ्या चहाशिवाय काढायची नसते. मिनार हात मांडीखाली दाबून बसली होती. दुसरा चहा आला. बू प्राप्तींनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“पाक, पेरूच्या पानांनी मासा टिकत नाही,” त्या म्हणाल्या. “अजून नाही असं नव्हे. नाहीच टिकत. मिनारने तसंच लिहिलंय, आणि ते बरोबर आहे.”

हार्दीमान आधी ओसरीकडे बघत राहिले. आई पाठमोरी होती. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला.

“ते आम्ही केव्हाच बंद केलंय, बू.”

“काय बंद केलंय?”

“पानं. वडील गेले त्याच वर्षी. मासा कडवट लागायचा, गिऱ्हाइकं कुरकुर करायची.”

“मग विद्यार्थी का घेत राहिलात?”

“तुम्ही दर वेळी लिहून पाठवायचात, अजून अभ्यास हवा.” हार्दीमानांच्या कपाळावर घाम आला होता. “मला वाटलं, विद्यापीठाला हवाय. तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईंना तोंडावर कसं सांगायचं, की आम्हाला याचा उपयोग नाही? म्हणून मीच फोन करून विचारायचो, पुढचा कधी पाठवता. तुमच्यासाठी मासा वेगळा काढून ठेवायचो. पानंसुद्धा शेजारून मागून आणायचो.”

“शेजारून?” मिनार अखेर बोललीच. “तुमचं झाड?”

“खाऱ्या पाण्याने मेलं. आईच्या खोलीतून शेजाऱ्यांचं झाड दिसतं. तिला वाटतं, आपलंच आहे.”

मिनार एवढ्याने हसली, की ओसरीवरून एयांगनी मान वळवली. मग तिचं हसू एकाएकी बंद झालं. “म्हणजे मी इतके महिने उधारीच्या पाल्यात मासे बुडवत बसले? आणि दोघांपैकी कुणालाच ते नको होतं?”

मराठीत भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीक कुणालाच लागली नव्हती. हार्दीमानांचा धंदा नीट चालला होता, बू प्राप्तींची नोकरीही. गेली होती ती मुलांची वर्षं, आणि ती आता परत कुणी देऊ शकत नव्हतं.

संमतीपत्रावर हार्दीमानांनी लगेच सही केली. प्रबंध उघडूनही पाहिला नाही. सही करताना त्यांचे खांदे सैल पडलेले स्पष्ट दिसले.

“मग आता पुढच्या वर्षी कुणाला पाठवायला नको,” ते म्हणाले. “नाही का, बू?”

बू प्राप्तींना माहीत होतं, दुसरा एखादा प्रश्न द्या, असं आत्ता म्हटलं तर ते देतील. नको असला तरी देतील. म्हणून त्यांनी म्हटलं नाही.

“नको,” त्या म्हणाल्या.

निघताना एयांगनी मिनारच्या हातात एक पिशवी ठेवली. काठोकाठ पेरूची पानं. “घे पोरी, तुझ्या अभ्यासाला. त्यांचा फार जीव होता या झाडावर.” मिनारने बू प्राप्तींकडे पाहिलं. बू प्राप्तींनी हार्दीमानांकडे पाहिलं. हार्दीमान गटारातल्या पाण्याकडे बघत होते. मिनारने दोन्ही हातांनी पिशवी घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात आभार मानले.

स्कूटर पाण्यातून वाट काढत असताना तिने विचारलं, “टाकू का ही?”

“वळण गेल्यावर टाक. ओसरीवरून इथपर्यंत दिसतं.”

मिनारची तोंडी परीक्षा महिनाअखेरीस झाली. परीक्षकांनी तिला उत्तीर्ण केलं आणि किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या. संदर्भांचा क्रम, एका तक्त्याचं शीर्षक. शेवटची दुरुस्ती विभागप्रमुखांनी स्वतः सुचवली. निष्कर्षाची भाषा जरा मऊ करावी, ‘होत नाही’च्या जागी ‘अजून आढळलेला नाही’ चालेल. मिनारने बू प्राप्तींकडे पाहिलं.

“ते तसंच राहू दे,” बू प्राप्ती म्हणाल्या.

“बरं,” विभागप्रमुख म्हणाले, आणि कागद गोळा करता करता त्यांनी सहज विचारलं, “हार्दीमानांकडे पुढच्या वर्षी मुलं जातील ना?”

“तिदाक.”

खोलीत भांडं पडावं तसं झालं. परीक्षकांपैकी एकाने उगीचच खोकून घेतलं. विभागप्रमुखांनी थोडा वेळ वाट पाहिली. बू प्राप्ती पुढे आणखी काही म्हणतील, या शब्दावर काहीतरी पांघरूण घालतील, असं त्यांना वाटलं असावं. त्या गुडघा चोळत बसल्या होत्या.

“मग दुसरा कारखाना बघितलात?”

“बलुम,” बू प्राप्ती म्हणाल्या.

तो त्यांनी खरंच बघितला नव्हता.